पालक संघ : शाळेपुरता की राज्यभर पसरलेला?

जून उजाडला की अर्धापूर तालुक्यातल्या घरावर दोन खर्च एकदमच येतात. केळीची नवी लागवड आणि हळदीचं बेणं एकीकडे. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश आणि नांदेडला शिकायला जाणाऱ्या लेकरांच्या गाडीभाड्याचा हिशेब दुसरीकडे. पालकांचे मोबाइलवरचे गट जागे होतात तेही याच दिवसांत. फी का वाढली, शिक्षकाची जागा कधी भरणार, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी का नाही, असे प्रश्न तिथे पडत राहतात. मग कुणीतरी म्हणतं, आपली संघटना काढू. दुसरा सांगतो, नवीन कशाला? मुंबई-पुण्याच्या मोठ्या पालक संघटनेची शाखा होऊ, वजन पडेल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. फक्त निर्णय घेण्याआधी कायद्याने आपल्या हातात काय दिलं आहे ते पाहायला हवं, कारण पुष्कळदा आपण मागत असतो ते व्यासपीठ शाळेत कागदावर आधीच असतं.

मूल कोणत्या शाळेत आहे, यावर ते ठरतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 मधून ती आली. तिच्यातले किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात, मुदत दोन वर्षांची. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि अनुदान कुठे खर्च झालं ते तपासणं हे तिचं काम. अनुदान म्हणजे काय, तेही सांगतो. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान ठरवलेलं आहे. 101 ते 250 मुलांच्या शाळेला त्या निकषाने वर्षाला 50 हजार रुपये, आणि त्यातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसेल तर पहिला प्रश्न या पैशाचा विचारायचा, आणि तो विचारायला कुठल्याही संघटनेची पावती फाडावी लागत नाही.

अनुदानित खासगी शाळेतही ही समिती असते, पण 2012 च्या दुरुस्तीने तिचं काम फक्त सल्ला देण्यापुरतं ठेवलं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांनाही तेच लागू आहे. तिथे समितीने ठराव केला तरी संस्थाचालक तो बाजूला ठेवू शकतात, हे पालकांनी आधीच जाणून असावं.

तिसरा प्रकार विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा, म्हणजे आपल्याकडे बहुतेक इंग्रजी शाळांचा. तिथे शाळा व्यवस्थापन समितीचं कलम लागू नाही. तिथे चालतो महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा, 2011. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करणं शाळेवर बंधनकारक आहे. प्रत्येक मुलाचे पालक त्याचे आपोआप सदस्य होतात. संघाच्या कार्यकारी समितीत मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधला, आणि प्रत्येक इयत्तेचा एकेक पालक असतो. इच्छुक पालकांची नावं घेऊन सोडत काढायची, असा नियम आहे. फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने या समितीपुढे ठेवायचा असतो. समितीने मान्य केलेली फी आणि व्यवस्थापनाचा आकडा यांत 15 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जातं. समितीने मान्य केलेली फीच पालकांना पटली नाही तर? 2018 च्या दुरुस्तीनुसार किमान 25 टक्के पालकांनी एकत्र येऊन विभागीय समितीकडे तक्रार करता येते. दोनशे पालकांच्या शाळेत पन्नास सह्या. एकट्या पालकाच्या अर्जाला तिथे दार नाही, पन्नास जणांच्या अर्जाला आहे. पालकांनी संघटित का व्हावं, याचं इतकं रोख उत्तर दुसरं नाही.

मग वेगळी संघटना हवीच कशाला? कारण या समित्यांमध्ये दोन मोठ्या उणिवा राहतात. पहिली, आठवण टिकत नाही. कार्यकारी समिती वर्षाने बदलते, व्यवस्थापन समिती दोन वर्षांनी, आणि मूल शाळेतून गेलं की पालकाचं सदस्यत्वही जातं. गेल्या वर्षी कुणी काय आश्वासन दिलं हे नव्या सदस्यांना ठाऊक नसतं, शाळेला मात्र ठाऊक असतं. दुसरी उणीव सभेच्या वेळेची. सभा सकाळी अकराला ठेवली की केळीच्या बागेत घड वाहायला किंवा हळदीत खुरपायला जाणाऱ्या आईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. ती येत नाही. तिच्या सहीसाठी रजिस्टर नंतर घरी येतं, आणि महिलांची निम्मी संख्या कागदावर भरते. शाळेबाहेरचा, पालकांचा स्वतःचा गट असेल तर तो संध्याकाळी बसू शकतो, वस्तीवर बसू शकतो, आणि सभेत कोणता विषय मांडायचा ते आधी ठरवून जाऊ शकतो.

असा स्वतंत्र गट उभा करायला फारसं काही लागत नाही. एक वही लागते, आणि त्या वहीत काय लिहायचं ते कळावं लागतं. “सर्व विषयांवर सविस्तर चर्चा होऊन सभा आभार मानून संपली” अशा ओळीने काहीही पुढे सरकत नाही. याउलट “ठराव क्र. 4 : मुलींच्या स्वच्छतागृहाची पाण्याची जोडणी संयुक्त शाळा अनुदानातून 30 सप्टेंबरपूर्वी करून घ्यावी, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर” असं प्रोसिडिंगमध्ये उतरलं, तर ऑक्टोबरात त्याच पानावर बोट ठेवून विचारता येतं. ठरावात काम, पैसा कुठून आणि तारीख, या तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. ठरावाची प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या आवकमध्ये द्यायची आणि पोच घ्यायची. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज : शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. हा अर्ज नागरिकाने स्वतःच्या नावाने करायचा असतो. त्यामुळे गटाची नोंदणी नाही म्हणून तो अडत नाही.

नोंदणी कधी करावी? पैसे हाताळायची वेळ आली की. तोवर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. संस्था नोंदणी कायदा, 1860 खाली किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात तीच संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 खालीही येते, आणि दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. आपल्यासाठी ते नांदेडला. नोंदणी झाली की दरवर्षी हिशेब तपासणी आली, आणि कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज आला. उत्साहाच्या भरात नोंदवलेल्या कितीतरी संस्थांचे बदल अर्ज वर्षानुवर्षं राहून जातात आणि मग कागदावरचे पदाधिकारी एक, प्रत्यक्षातले भलतेच. वर्गणी गोळा करून वाचनालय चालवायचं असेल, बँकेत गटाच्या नावाने खातं हवं असेल, तरच या वाटेला जा.

आता मोठ्या संघटनेचा प्रश्न. अमेरिकेत तो फार जुना आहे. तिथे 1897 साली वॉशिंग्टनमध्ये ॲलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट यांनी मातांची एक राष्ट्रीय परिषद भरवली. तिच्यातूनच आजची देशव्यापी ‘पीटीए’ उभी राहिली. शाळेतला पालक गट तिच्याशी संलग्न झाला की सदस्याच्या वर्गणीचा एक वाटा राज्य संघटनेला आणि एक राष्ट्रीय संघटनेला जातो. बदल्यात नाव, प्रशिक्षण, तयार नियमावली आणि कायदे घडतात तिथे बोलणारा आवाज मिळतो. ज्यांना हे नको ते स्वतंत्र गट काढतात. त्यांना ‘पीटीओ’ म्हणतात. त्यांचा सगळा पैसा त्याच शाळेत राहतो, नियम त्यांचे ते करतात, पण राजधानीत त्यांच्या वतीने कुणी बोलत नाही. तिकडे राहणारे मराठी पालक मूल शाळेत घातल्यावर या दोन्ही नावांशी पहिल्याच वर्षी गाठ पडल्याचं सांगतात.

त्या इतिहासातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय पालकांना त्या संघटनेत बरोबरीची जागा नव्हती. अटलांटाच्या सेलिना स्लोन बटलर यांनी 1926 मध्ये त्यांची वेगळी राष्ट्रीय संघटना उभी केली, आणि दोन्ही संघटना एक व्हायला 1970 साल उजाडलं. नाव राष्ट्रीय असलं म्हणजे सगळ्यांचं दुखणं तिथे पोचतंच असं नाही. जपानमध्येही देशव्यापी पालक-शिक्षक संघटना आहे, आणि तिच्यातून टोकियोच्या प्राथमिक शाळांचा महासंघ 2023 मध्ये बाहेर पडला. आत जाता येतं तसं बाहेरही पडता येतं.

आपल्याकडे अमेरिकेसारखी सगळ्या शाळांत शाखा असलेली एकच राष्ट्रीय संघटना नाही. मुंबईची फोरम फॉर फेअरनेस इन एज्युकेशन आहे, इंडिया वाइड पेरेंट्स असोसिएशन आहे, ठिकठिकाणचे पालक मंच आहेत. बहुतेकांचं लक्ष फी आणि परीक्षा या शहरी खासगी शाळांच्या प्रश्नांवर असतं. दुसऱ्या बाजूला पाहा. शिक्षकांच्या राज्यव्यापी संघटना तालुक्यापर्यंत पोचलेल्या आहेत. संस्थाचालकांचं शिक्षण संस्था महामंडळ आहे, इंग्रजी शाळांच्या चालकांची ‘मेस्टा’ आहे. मंत्रालयात बैठक लागली की हे सगळे टेबलाशी असतात आणि ज्यांची मुलं त्या शाळेत बसतात त्यांचीच खुर्ची रिकामी राहते. हे मला फार अन्यायाचं वाटतं, आणि म्हणूनच ‘आपण आपल्या शाळेपुरतं पाहू’ एवढ्यावर थांबणंही मला मान्य नाही.

2024 चं उदाहरण घ्या. राज्य सरकारने 9 फेब्रुवारी 2024 रोजी शिक्षण हक्काच्या नियमांत बदल केला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्के राखीव प्रवेशातून सूट मिळाली. गरीब घरातल्या हजारो मुलांची दारं त्या एका अधिसूचनेने बंद होत होती. अर्धापूरच्या एखाद्या शाळेतल्या पालकांनी कितीही चांगला ठराव केला असता तरी गटशिक्षणाधिकारी त्यावर काहीच करू शकले नसते. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. 6 मे रोजी स्थगिती मिळाली, 19 जुलैला न्यायालयाने तो बदल रद्दच केला. करोनाच्या काळातल्या फीचंही तसंच. पालकांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2021 मध्ये राज्याला निर्णय घ्यायला सांगितलं आणि 12 ऑगस्ट 2021 रोजी फीत 15 टक्के कपातीचा शासन निर्णय निघाला.

यातूनच निवडीची कसोटी हाती येते. तुमच्या प्रश्नावर सही करणारा माणूस कुठे बसतो ते पाहा. पाणी, अनुदान, शिक्षकाची गैरहजेरी, सभेची वेळ यांवरची सही शाळेत, पंचायत समितीत किंवा फार तर जिल्हा परिषदेत होते. तिथे स्थानिक गटच चालतो, कारण अधिकाऱ्याला समोर त्याच शाळेचे पालक दिसावे लागतात. बाहेरचा पदाधिकारी आला की ‘यांचं मूल कोणत्या वर्गात?’ हा प्रश्न येतो आणि विषय तिथेच भरकटतो. सही मंत्रालयात किंवा न्यायालयात होणार असेल तर मोठ्या संघटनेशिवाय गत्यंतर नाही.

म्हणून माझा सल्ला असा. गट स्वतंत्र ठेवा, नोंदणीची घाई करू नका आणि राज्यपातळीच्या प्रश्नावर त्या प्रश्नापुरते मोठ्या संघटनेबरोबर उभे राहा. निवेदनावर सह्या द्या, आपल्या शाळेचे कागद पुरवा, जमेल तेवढा याचिकेचा खर्च वाटून घ्या. कायमची शाखा व्हायची वेळ आलीच तर आधी त्यांची घटना मागून वाचा. वर्गणीचा किती वाटा वर जातो, शाखेला राज्याच्या भूमिकेविरुद्ध ठराव करता येतो का, मराठवाड्यातले किती जण कार्यकारिणीत आहेत, जिल्हा परिषद शाळांसाठी त्यांनी गेल्या वर्षी काय केलं, पदाधिकारी निवडणुकीला उभे राहिले तर पद सोडतात का, आणि बाहेर पडलो तर खात्यातल्या पैशांचं काय. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. आपल्याकडे निवडणुकीच्या वर्षात संघटना फार लवकर कुणाच्या तरी प्रचाराला लागतात, आणि नंतर शाळेत जायला त्याच पालकांना जड जातं.

यंदाचं काम मात्र कोणत्याही संघटनेची वाट पाहत नाही. शाळा 15 जूनला उघडली तर खासगी विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ 15 जुलैपर्यंत स्थापन झालेला असायला हवा. जिल्हा परिषदेच्या शाळेत विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. पुढच्या आठवड्यात शाळेत जा आणि दोनच गोष्टी मागा : समितीची यादी आणि मागच्या सभेचं प्रोसिडिंग. जाताना शेजारच्या दोन आयांना सोबत घ्या, आणि वेळ त्यांना जमेल ती ठरवा.