विश्लेषण : गोळ्या मोफत, तरी मधुमेहाचा खर्च का थांबत नाही?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत झाले. तरीही मधुमेही रुग्णाला खिशात हात घालावाच लागतो. असे का होते, याविषयी...

रुग्ण किती?
आयसीएमआर-इंडिअ‍ॅब पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के आढळले.

सरकारकडून काय मिळते?
असंसर्गजन्य आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत तिशी ओलांडलेल्यांची रक्तातील साखर तपासली जाते. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत.

मग पैसे कुठे जातात?
मधुमेहाचे उपचार आयुष्यभर चालतात. रुग्णालयातला साठा संपला की गोळ्या बाहेरच्या मेडिकलमधून घ्याव्या लागतात. तीन ते सहा महिन्यांनी ‘एचबीए१सी’ ही रक्ततपासणी, तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पाय यांची तपासणी गरजेची असते. यातील प्रत्येक सोय गावाजवळच्या आरोग्य केंद्रात असेलच असे नाही. अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि दिवसाची बुडालेली मजुरी. इन्सुलिन घेणाऱ्यांना सुया आणि साखर तपासण्याच्या पट्ट्याही लागतात.

विमा योजनेचा फायदा होतो का?
आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. बाह्यरुग्ण विभागातील उपचार त्यात येत नाहीत. घरी सोडल्यानंतरची औषधे १५ दिवसांपुरतीच मिळतात. म्हणजेच पायाची जखम चिघळून शस्त्रक्रियेची वेळ आली, तर योजना मदतीला येते. ती वेळ टाळणाऱ्या रोजच्या गोळीला मात्र तिचा आधार नाही. मूत्रपिंडे निकामी झाल्यास गरीब रुग्णांना २०१६ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत डायलिसिस मिळते. पण तोवर शरीराचे नुकसान झालेले असते आणि सरकारचा खर्चही कैक पटींनी वाढलेला असतो.

नवी औषधे स्वस्त होत आहेत?
होय. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले. साठ रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. परंतु अशी औषधे सरकारी खरेदीत आली, तरच सरकारी रुग्णालयातील रुग्णाला त्यांचा लाभ होईल.

काय करता येईल?
साखर आटोक्यात असलेल्या रुग्णाला एकाच वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, तर खेपा वाचतील. वार्षिक तपासण्या ठरलेल्या दिवशी तालुक्यातच झाल्या, तर दुखणे वेळीच कळेल. हा खर्च आज टाळला, तर उद्या तोच डायलिसिस आणि शस्त्रक्रियांच्या रूपाने सरकारी तिजोरीवर पडेल.