पारंपरिक चिनी समाजातील अध्ययननिष्ठा : परिश्रमावरील श्रद्धा आणि तिची किंमत

चिनी संस्कृतीत विद्येला असलेले महत्त्व सर्वश्रुत आहे. मात्र त्या परंपरेने बुद्धीपेक्षा परिश्रमाला अधिक मान दिला, ही बाब पुरेशी लक्षात घेतली जात नाही. कन्फ्यूशियसने (इ.स.पू. ५५१-४७९) जन्मजात ज्ञानाचा दावा स्वतःसाठी कधी केला नाही, विद्येची आवड हाच आपला विशेष होय, असे तो मानी. त्याच्या संवादांच्या संग्रहाचा आरंभही अध्ययनातील आनंदाच्या उल्लेखानेच होतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील विचारवंत श्युन्झी याने हीच भूमिका अधिक कठोरपणे मांडली. मनुष्यस्वभाव मुळात चांगला नसतो, तो दीर्घ व सातत्यपूर्ण अभ्यासानेच घडवावा लागतो, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच्या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण अध्ययनाच्या प्रोत्साहनासाठी लिहिलेले आहे.

तत्त्वज्ञांचा हा विचार सामान्य जनांपर्यंत पोहोचला तो कथांच्या द्वारे. झोप येऊ नये म्हणून केस तुळईला बांधणारा सुन चिंग आणि मांडीत आरी टोचून घेणारा सू छिन यांची उदाहरणे मुलांच्या पाठांतराच्या पुस्तकांतून पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. छे यिन याने रेशमी पिशवीत काजवे भरून, तर सुन खांग याने बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उजेडात वाचन केले, असे सांगतात. सतराव्या-अठराव्या शतकांत राज्य करणाऱ्या खांगशी सम्राटाने शंभर काजवे गोळा करवून हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला. अक्षरे काही दिसली नाहीत! अर्थात या कथांचे बळ त्यांच्या सत्यतेत नव्हते. दिव्यासाठी तेल नसणे ही न शिकण्याची सबब होऊ शकत नाही, हे त्यांतून मुलांच्या मनावर बिंबविले जाई.

या दृष्टीने ख्वांग हंग याची कथा विशेष बोलकी आहे. गरीब घरातील या मुलाने भिंतीला छिद्र पाडून शेजाऱ्याच्या दिव्याचा उजेड मिळविला. पुढे त्याने एका धनिकाकडे वेतनाऐवजी त्याच्या संग्रहातील पुस्तके वाचण्याची मुभा मागून काम केले. इ.स.पू. ३६ मध्ये तो हान साम्राज्याचा प्रधानमंत्री झाला. हक्काबाहेरील जमिनीचे उत्पन्न घेतल्याच्या आरोपावरून त्याला नंतर पदच्युत व्हावे लागले, हा उत्तरार्ध मात्र बालवाचनात सहसा आढळत नाही.

परिश्रमाचे फळ मिळते या श्रद्धेला संस्थात्मक आधार दिला तो शासकीय परीक्षापद्धतीने. स्वी राजवटीत सातव्या शतकाच्या आरंभी रूढ झालेली ही पद्धती १९०५ मध्ये रद्द होईपर्यंत तेराशे वर्षे या ना त्या स्वरूपात टिकली. सुंग काळात उत्तरपत्रिकेवरील नाव झाकले जाई. एवढेच नव्हे, तर हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून लेखनिकांकडून तिची नक्कल करवून तीच परीक्षकापुढे ठेवली जाई. तत्त्वतः शेतकऱ्याच्या मुलालाही मंत्रिपदाचा मार्ग खुला होता. स्त्रियांना मात्र तो पूर्णपणे बंद होता, आणि काही हीन मानलेल्या व्यवसायांतील कुटुंबांनाही तो नाकारलेला होता. शिवाय पाठ करावयाच्या अभिजात ग्रंथांचा एकत्रित विस्तार ४ लाखांहून अधिक चिन्हांचा होता. इतकी वर्षे मुलाला कामापासून मोकळे ठेवणे किती कुटुंबांना परवडणार?

बाराव्या शतकातील जू शी या विद्वानाने परीक्षेसाठी केलेल्या अभ्यासावर टीका केली. थोडे वाचावे, पुनःपुन्हा वाचावे, अर्थ मनात मुरू द्यावा, अशी त्याची शिकवण होती. दैवदुर्विलास असा, की १३१३ मध्ये युआन राजवटीने त्याचीच भाष्ये परीक्षेसाठी अधिकृत ठरविली आणि पुढील सहा शतके विद्यार्थी तीच घोकत राहिले.

परिश्रमाने सर्व साध्य होते असे एकदा मानले, की अपयशाचा दोषही परिश्रम करणाऱ्याच्याच माथी येतो. या श्रद्धेची ही बाजू चिनी साहित्यिकांनी ओळखली होती. विख्यात कथालेखक पू सुंगलिंग (१६४०-१७१५) याने १६५८ मध्ये प्रवेश-पातळीवरील परीक्षेत प्रथम क्रमांक मिळविला. त्यानंतर अनेक दशके प्रयत्न करूनही प्रांतिक परीक्षेत तो उत्तीर्ण होऊ शकला नाही. उपजीविकेसाठी त्याने दुसऱ्यांच्या घरी शिकवणी केली. भुताखेतांच्या व कोल्ह्यांच्या त्याच्या अद्भुत कथांमधून आंधळ्या परीक्षकांचा उपहास वारंवार डोकावतो. वू चिंग्झी याच्या अठराव्या शतकातील कादंबरीत तर उतारवयात परीक्षा उत्तीर्ण झालेला फान चिन आनंदातिरेकाने भ्रमिष्ट होतो, आणि कालपर्यंत त्याला हिणविणारा खाटीक सासराच त्याला थोबाडीत मारून भानावर आणतो. या प्रसंगातील विनोद विलक्षण क्रूर आहे. परंतु त्या काळच्या वाचकांना तो अपरिचित वाटला नसावा.

परीक्षापद्धती गेली, तरी ती श्रद्धा गेली नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ पासून, विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा स्थगित होती. ती १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली, तेव्हा शेतांवरून व कारखान्यांतून सुमारे ५७ लाख उमेदवार परीक्षेला बसले. त्यांपैकी अनेकांनी दिवसभराच्या कामानंतर, जुनी पाठ्यपुस्तके कोठून तरी मिळवून, रात्री अभ्यास केला होता. प्रवेश मिळाला तो सुमारे २ लाख ७० हजार जणांना.