वैमानिकाची दृष्टि : परीक्षेचे आंकडे आणि दोन आख्यायिका

पहिल्या महायुद्धांतील लष्करी कागदपत्रें अलीकडे संग्राहकांच्या हातीं वारंवार येऊं लागलीं आहेत. त्यांतील वैद्यकीय पत्रकांवर ६/६, ६/९, ६/१२ असे आंकडे आढळतात. ६/१२ म्हणजे निम्मी दृष्टि, असा अर्थ करणारे वाचक आम्हीं पाहिले आहेत. तो अर्थ चुकीचा असल्यामुळें या आंकड्यांचा उलगडा प्रथम केला पाहिजे.

ही पद्धति नेदर्लंड्समधील युत्रेख्ट येथील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यानें १८६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अक्षरतक्त्यापासून निघाली. वरचा आंकडा उमेदवार तक्त्यापासून किती मीटरांवर उभा होता तें सांगतो. खालचा आंकडा, तेंच अक्षर निर्दोष डोळ्यास किती मीटरांवरून वाचतां यावें, तें सांगतो. अक्षर त्या अंतरावरून डोळ्याशीं ५ कलांचा कोन करील अशा बेतानें काढलेलें असतें. म्हणून ६ मीटरांच्या ओळीतलें अक्षर सुमारें पावणेनऊ मिलिमीटर उंचीचें येतें. आतां एस्. ई. ५ए हें लढाऊ विमान घ्या. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारें ८ मीटर; म्हणजे साडेपांच किलोमीटरांवरून तें विमान तितकाच कोन करितें. मात्र समोरून येणारें विमान म्हणजे केवळ एक बारीक रेघ, आणि तिच्याभोंवतीं तक्त्याचा पांढरा कागद नसून रितें आकाश असतें. रित्या आकाशांत नजर ठरण्यास कांहींच नसलें कीं डोळा आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतो व दूरचा ठिपका निसटतो. तक्त्यावरील यश हें आकाशांतील यशाचें पुरतें माप नव्हे, तें यामुळेंच.

यासाठीं वैद्यांनीं आणखी परीक्षा जोडल्या. दूरदृष्टीचा दोष असलेला तरुण डोळ्यांवर ताण देऊन ६/६ची ओळ वाचतो खरा, पण थकल्यावर तीच दृष्टि ढळते. तो लपलेला दोष बहिर्गोल भिंग लावून उघडा पाडतात. दोन्ही डोळ्यांच्या स्नायूंचा तोलहि पाहतात, कारण तो बिघडल्यास एकाचीं दोन विमानें दिसूं लागतात. रंगपरीक्षा रेल्वेकडून आली. स्वीडनमध्यें लागरलुंडा येथें १८७५ सालीं झालेल्या अपघातानंतर होल्मग्रेननें रंगीत लोंकरीच्या लडींची परीक्षा प्रचारांत आणिली. जपानी वैद्य इशिहारा याचे ठिपक्यांचे तक्ते १९१७ सालचे. वैमानिकास तांबड्या-हिरव्या दारूच्या खुणा ओळखाव्या लागत. इंग्रजी विमानावरील वर्तुळांत मध्यें तांबडा व बाहेर निळा, तर फ्रेंच विमानावर नेमकें उलट, हेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आतां आख्यायिकांकडे वळूं. पहिली इंद्रलाल रॉय यांची. कलकत्त्यास १८९८ सालीं जन्मलेल्या या तरुणास १९१७ सालीं इंग्लंडांत दृष्टिदोषाच्या सबबीवर प्रथम नाकारण्यांत आलें. त्यानें आपली मोटारसायकल विकून एका नामांकित नेत्रवैद्याचा अभिप्राय मिळविला व निर्णय फिरविला, असें सांगतात. मोटारसायकलीचा तपशील कुटुंबकथेच्या वळणाचा वाटतो. परंतु पुढचा वृत्तांत निर्विवाद आहे. जुलै १९१८ मध्यें अवघ्या दोन आठवड्यांत त्याच्या नांवावर १० विजय जमा झाले आणि २२ जुलै रोजीं तो फ्रान्समध्यें कार्व्हें येथें पडला. त्याच्या आधीं जून महिन्यांत मुंबईचे वेलिणकर हेहि फ्रान्समध्यें वैमानिक म्हणून कामास आले होते. त्यांचें नांव आपल्याकडे फारसें कोणी घेत नाहीं.

दुसरी आख्यायिका एडवर्ड मॅनॉक याची. त्याच्या डाव्या डोळ्यास जवळजवळ दिसत नव्हतें व त्यानें तक्ता पाठ करून परीक्षकास चकविलें, अशी ती कथा. ती अशक्य मात्र नाहीं. अमेरिकन वैमानिक वायली पोस्ट यानें एकाच डोळ्यानें १९३३ सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण शक्य असणें निराळें आणि घडलेलें असणें निराळें. ही कथा मुख्यतः त्याचा सहकारी आयरा जोन्स याच्या १९३४ सालच्या चरित्रानें पसरली. त्याच जोन्सनें मॅनॉकचे विजय ७३ मोजले. कागदोपत्रीं ६१ ठरतात. भक्तीनें लिहिलेल्या बखरीस जें वजन आपण देतों तेंच येथें द्यावें, अधिक नव्हे. तक्ता पाठ करण्याचा प्रसंग जर्मन वैमानिक आडोल्फ गालांट याच्याविषयींहि सांगतात. त्याच्या डोळ्यास इजा करणारा १९३५ सालचा अपघात मात्र खरा आहे.

असें पत्रक हातीं आल्यास दोन्ही डोळ्यांचे आंकडे वेगळे आहेत कीं काय, ते चष्म्यासह घेतले कीं त्यावांचून, आणि तारीख कोणती, हें आधीं पाहावें. रॉयवर ‘अपात्र’ असा शेरा दोनदां पडला : एकदां दृष्टीकरितां, व पुन्हां नोव्हेंबर १९१७ मधील विमान-अपघातानंतर. तारीख फाटलेल्या कागदावरून या दोहोंची गल्लत सहज होईल.