मदतीची वाट: चंद्रपूर-गडचिरोलीतील गृहसंकुले आणि आपत्कालीन प्रवेश

चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आहेत आणि त्यांच्या जोडीला चोर, विठोबा, हनुमान, मसाण व बगड या नावांच्या पाच खिडक्या आहेत. तटातील लहान प्रवेशद्वाराला येथे खिडकी म्हणतात. शत्रूला अडवण्याच्या हेतूने तट बांधणाऱ्यांनीदेखील शहराची सारी ये-जा एका दारावर सोपवली नव्हती, ही बाब आजच्या गृहसंकुलांचा विचार करताना ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण चंद्रपूर शहरात आणि गडचिरोलीच्या नव्या वस्त्यांत उभ्या राहणाऱ्या अनेक अपार्टमेंटना एकच फाटक असते आणि ते फाटक चोराला अडवण्याचा जेवढा विचार करून बसवलेले असते, तेवढा विचार पोलिसांची गाडी, रुग्णवाहिका किंवा अग्निशमन बंब आत कसा येईल याचा केलेला नसतो.

आतील जुन्या शहराची अडचण निराळी आहे. परकोट हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक असल्याने दरवाजे रुंद करता येत नाहीत, आणि २०१० मध्ये सुधारलेल्या स्मारकविषयक कायद्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, तर त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रित असते. त्यामुळे जटपुरा दरवाज्याजवळच्या कोंडीवर तोडगा दगड हलवून नव्हे, तर वाहतूक वळवून आणि आतल्या भागात मदतीची साधने आधीच ठेवूनच काढावा लागतो. परकोटाबाहेरच्या संकुलांना मात्र हे निमित्त उपलब्ध नाही. तेथील फाटके कालपरवाची आहेत.

गुन्हा रोखण्यासाठी वास्तुरचनेचा उपयोग करावा, हा विचार पाश्चात्त्य नियोजनशास्त्रात सी. रे जेफरी यांच्या १९७१ च्या आणि ऑस्कर न्यूमन यांच्या १९७२ च्या ग्रंथांनी रूढ केला. न्यूमन यांचे प्रतिपादन थोडक्यात असे, की जिन्यावर आणि अंगणात रहिवाशांची नजर राहील आणि ती जागा आपली आहे असे त्यांना वाटेल, अशी रचना असली म्हणजे आगंतुकाला धाक बसतो. बांधकाम व्यवसायाने त्यातून उंच भिंत, बंद फाटक आणि कॅमेरा एवढेच उचलले. नजर ठेवणारी माणसे आणि तातडीच्या वेळी उघडणारी वाट या दोन्ही गोष्टी मागे पडल्या.

नियम मात्र स्पष्ट आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही उंच इमारत मानली जाते. तिच्या भूखंडाचे प्रवेशद्वार किमान ६ मीटर रुंद असावे, फाटक कुंपणाच्या भिंतीला टेकेल असे पूर्ण उघडावे आणि इमारतीभोवतीची मोकळी जागा ४५ टनांपर्यंतच्या बंबाचा भार पेलेल अशी टणक असावी, अशी अपेक्षा आहे. कागदावर ही जागा सामासिक अंतर म्हणून, म्हणजे इमारत आणि भूखंडाची हद्द यांमध्ये मोकळी सोडायची पट्टी म्हणून, दाखवलेली असते. प्रत्यक्षात त्याच पट्टीत सेप्टिक टँक खणलेला असतो. त्यावर पातळ स्लॅब आणि वर पेव्हर ब्लॉक बसवले की पाहणाऱ्याला ती फरसबंद वाट वाटते, पण तिने बंबाचे वजन पेलावे अशी तिची घडणच नसते. बोअरवेलचा चौथरा, दुचाकींसाठी टाकलेली टिनाची शेड आणि संकुलाचे नाव मिरवणारी, बंबाच्या माथ्यावरच्या शिडीला आडवी येणारी कमान, ही त्याच वाटेवरची पुढची विघ्ने होत. त्यात चंद्रपूरच्या उन्हाळ्याची भर पडते. पारा ४६-४७ अंशांवर गेला की गॅलरीत, खिडकीत आणि कधी जिन्याजवळच्या सामाईक मार्गिकेतही कूलरचे लोखंडी स्टँड उभे राहतात. वायरिंगवर भार वाढतो तोही त्याच महिन्यांत, आणि कुलूपबंद ग्रीलमागच्या खिडकीतून सुटका करण्याचा मार्ग त्याच स्टँडने अडलेला असतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार बसवलेली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलै महिन्यात द्यायचे असते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या ताडदेव भागातील कमला इमारतीला लागलेल्या आगीनंतर, बसवलेली यंत्रणा आणि चालणारी यंत्रणा यांत किती अंतर असू शकते, हे सर्वांच्या लक्षात आले.

पोलिसांच्या बाबतीत अडथळा बहुधा रुंदीचा नसून पत्त्याचा असतो. ११२ या क्रमांकावर केलेला फोन राज्याच्या मध्यवर्ती प्रतिसाद केंद्रात जातो, तेथून ठिकाण निश्चित करून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षामार्फत जवळच्या गाडीला निरोप मिळतो. गाडी रामनगर किंवा दुर्गापूर ठाण्याच्या हद्दीतील संकुलापाशी झपाट्याने पोहोचली, तरी विंगचे नाव अंधारात दिसत नसेल, वॉचमनला सदनिकांचा क्रम सांगता येत नसेल आणि दुसऱ्या फाटकाची किल्ली सचिवांच्या घरी असेल, तर वाचवलेली मिनिटे पार्किंगमध्येच खर्ची पडतात. कायद्याच्या दृष्टीने पाहता, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४ नुसार अटकेचा अधिकार असलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास, जिला पकडायचे ती व्यक्ती आत असल्याचे मानण्यास कारण असलेल्या जागेचा ताबा असणाऱ्याने मोकळा प्रवेश देणे बंधनकारक आहे. याचा अर्थ संकुलाने पोलिसांना कायमची किल्ली द्यावी किंवा पाहुण्यांची नोंदवही रोज दाखवावी असा नाही. मदतीसाठी वाट ठेवणे आणि पाळतीसाठी दार उघडे टाकणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पोलीस व गावकरी यांच्यातील विश्वास अनेक वर्षे पणाला लागलेल्या या प्रदेशात तो फरक जपलाच पाहिजे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात प्रवेशाचा प्रश्न फाटकाच्या कितीतरी आधी सुरू होतो. एटापल्ली तालुक्यातील वांगेतुरी येथे २०२३ मध्ये आणि गर्देवाडा येथे जानेवारी २०२४ मध्ये पोलीस मदत केंद्रे प्रत्येकी २४ तासांत उभारण्यात आली, कारण मुख्यालयातून तेथे वेळेत पोहोचणे शक्य नसल्याने ठाणेच लोकांजवळ नेणे भाग होते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि त्या दिवसांत कोणत्याही क्रमांकावर फोन केला तरी नदीपलीकडची गाडी अलीकडे येत नाही. या अनुभवातून जिल्ह्याच्या ठिकाणच्या नव्या संकुलांनाही धडा घेता येईल: मदत येईपर्यंतचा काळ रहिवाशांनाच निभावून न्यावा लागतो, म्हणून प्रथमोपचार, पाण्याचा साठा आणि रुग्ण आडवा नेता येईल असा जिना यांना शोभेच्या बागेपेक्षा अग्रक्रम मिळायला हवा.

जंगलाच्या कडेला आणखी एक यंत्रणा बोलवावी लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा आणि पाठोपाठ दुर्गापूर परिसरात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. अशा ठिकाणी कुंपणाची उंची वाढवून प्रश्न सुटत नाही, कारण बिबट्या भिंत चढतो आणि एकदा आत आला की बंद आवार त्यालाही कोंडून टाकते. भिंतीलगतची झुडपे काढणे, कुत्री व डुकरे जमवणारा उघडा कचरा हटवणे, कोपऱ्यांत दिवे लावणे आणि वनखात्याच्या बचाव पथकाची गाडी पिंजऱ्यासह मागच्या बाजूला नेता येईल एवढी वाट राखणे, हे नियोजनाचेच भाग आहेत. वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक मात्र फाटकावरच्या फलकांवर क्वचितच आढळतो.

जुलै २०२२ च्या पुरात चंद्रपूरच्या इरई नदीच्या काठावरील वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा बचावाचे साधन गाडी नव्हे, नाव होती. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. पहिली साधारण २५ वर्षांतून एकदा, तर दुसरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. पण या रेषा पाहून जोते उंच घेऊनही विजेचे मीटर, पंप आणि जनित्र तळमजल्याच्या पार्किंगमध्येच ठेवले, तर पुरात पहिल्या तासातच लिफ्ट व दिवे बंद पडतात आणि वरच्या मजल्यावरील आजारी माणूस सुरक्षित असूनही अडकतो.

नकाशावर मंजुरीचा शिक्का बसला म्हणजे वाट तयार झाली, असे मानण्याची प्रथा दोन्ही जिल्ह्यांतील नगर प्रशासनांनी सोडावी. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला, देण्याआधी अग्निशमन बंब प्रत्यक्ष फाटकातून आत घेऊन इमारतीला एक फेरी मारून बाहेर काढावा, आणि जेथे तो वळणार नाही तेथे दाखला थांबवावा. राहत्या संकुलांतील रहिवाशांनी यंदाच्या दिवाळीत रोषणाईच्या माळा आणि मंडप बांधण्यापूर्वी टेप घेऊन आपल्या फाटकाची रुंदी मोजावी, दुसऱ्या फाटकाचे कुलूप उघडते का ते पाहावे आणि त्याची एक किल्ली वॉचमनच्या खोलीत टांगून ठेवावी.