एका सर्व्हरवर सारा वर्ग

संगणकाच्या वर्गांत ३० मेजें असलीं म्हणजे ३० पूर्ण संगणकच हवेत असें नाहीं. कोपऱ्यांत एक बळकट सर्व्हर ठेवून मेजांवर केवळ पडदा, कळफलक, माउस व एक लहानशी पेटी ठेवली तरी भागतें. या पेटीस थिन क्लायंट म्हणतात. मुलांचीं कामें वस्तुतः सर्व्हरवरच चालतात; पेटी त्यांचें चित्र तेवढें दाखविते. १९९९ सालीं निघालेल्या एलटीएसपी या प्रकल्पानें ही सोय कित्येक शाळांस विनामूल्य करून दिली.

आतां लिनक्स हें मूळचें केवळ कर्नल. त्याभोंवतीं बाकीची प्रणाली रचून निरनिराळ्या मंडळ्या आपापलीं वितरणें काढतात. त्यांतील कोणतें घ्यावें? आम्ही विद्यार्थी बहुधा पडद्यावरील शोभा पाहून मत देतों. घरीं तें चालेल, कारण तेथें बिघाड झाला तर एकाचेंच अडतें. येथें मात्र सर्व्हर बसला कीं सारा वर्ग हातावर हात ठेवून बसणार! म्हणून सुरक्षेच्या दुरुस्त्या किती काळ मिळतील हें प्रथम विचारावें. फेडोराची आवृत्ति सुमारें १३ महिन्यांत निवृत्त होते. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीस ५ वर्षें मिळतात, आणि डेबियनचीहि, ३ व त्यापुढील २ धरून, तितकींच होतात.

परंतु नुसत्या वचनावरहि विसंबतां येत नाहीं. सेंटओएस ८ हें २०२९ पर्यंत चालेल असें ठरलें होतें. डिसेंबर २०२० मध्यें अचानक जाहीर झालें कीं तें २०२१ अखेरच बंद होणार, आणि तसें झालेंहि. ज्यांनीं त्यावर घडी बसविली होती त्यांना ती पुन्हां मोडावी लागली. कोणा एका कंपनीच्या मर्जीवर न चालणारें डेबियन मला अधिक भरंवशाचें वाटतें तें यामुळें. नॉर्वेंत २००१ सालीं शाळांकरितां निघालेला स्कोलेलिनक्स प्रकल्पहि त्याच पायावर उभा आहे.

राहतां राहिली मेमरी. एकच कार्यक्रम अनेकांनीं उघडला तर त्याचा सामायिक भाग कर्नल एकदांच ठेवतें, पण प्रत्येकाचा खासगी वांटा वेगळा लागतोच. म्हणून ग्नोमपेक्षां एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप बरा. खरा खादाड मात्र ब्राउझर! यास्तव खरेदीपूर्वीं सुटींत दोन-तीन पेट्या जोडाव्या, प्रत्येकीवर ब्राउझर उघडावा, आणि एका पेटीमागें सर्व्हरची किती मेमरी जाते तें मोजून घ्यावें.