जागा सोडून पळालेला तारा

इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी हातात एक्सेल शीट पडली की कसं वाटतं, ठाऊक आहे ना? मग हे काम ऐका. साडेचार लाख ताऱ्यांच्या जागा आणि तेज मोजायचं, तेही कॉम्प्युटरशिवाय.

सुरुवात १८८२ मध्ये, केप टाऊनला. तिथल्या वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांनी एका झगझगीत धूमकेतूचे फोटो काढले, तर मागे तारेच तारे उमटलेले! उत्तरेच्या आकाशाइतकी भरगच्च यादी दक्षिणेची तेव्हा नव्हती. मग ठरलं, दक्षिण आकाश काचेच्या प्लेट्सवर उतरवायचं. मध्येच अनुदान थांबलं, तेव्हा गिल यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले.

पण मोजणार कोण? नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे प्राध्यापक याकोबस काप्टाइन. त्यांच्याकडे वेधशाळाच नव्हती, म्हणून त्यांनी गिलना पत्र लिहून मोजणी अंगावर घेतली. दुसऱ्या विभागाच्या उसन्या खोल्यांत प्लेट लांब उभी करायची आणि थिओडोलाइटमधून (हो, सिव्हिलवाले वापरतात तोच) एकेका ठिपक्याची जागा वाचायची. ठिपका मोठा, म्हणजे तारा तेजस्वी. की पुढचा ठिपका. असे ४,५४,८७५ तारे! यादीचे तीन खंड १८९६ ते १९०० मध्ये निघाले.

खरी गंमत पुढे आहे. अर्जेंटिनातल्या कॉर्डोबा वेधशाळेने १८७३ मध्ये नोंदवलेला एक तारा केपच्या प्लेट्सवर जागेवर सापडेना. गेला कुठे? केपच्याच रॉबर्ट इनेस यांना जवळपास एक तारा दिसला, जो जुन्या नोंदींत नव्हता. दोन्ही एकच निघाले, तारा सरकला होता! १८९७ मध्ये हे कळलं, तेव्हा एवढ्या झपाट्याने सरकणारा दुसरा तारा कुणाला माहीत नव्हता. झपाट्याने म्हणजे किती? पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं सरकायला दोनशेहून जास्त वर्षं. आपल्याला हे हळू वाटेल, पण ताऱ्यांच्या हिशेबात ही धावपळच.

आज त्याला काप्टाइनचा तारा म्हणतात. तो आपल्यापासून फक्त १३ प्रकाशवर्षांवर आहे, आणि आकाशगंगेभोवती सूर्याच्या उलट दिशेने फिरतो. थोडक्यात, वन-वेमध्ये राँग साइडने.

महाराष्ट्रातूनही तो गाठता येतो. जानेवारीच्या शेवटी रात्री नऊच्या सुमारास मृगातला राजन्य शोधा आणि तिथून सरळ खाली दक्षिणेकडे या. नुसत्या डोळ्यांना नाही दिसणार. छोटी दुर्बीण, नकाशा आणि शहराबाहेरचा अंधार हवा. डावीकडे थोडा खाली अगस्त्य चमकत असेल.