दारावरची थाप आणि दप्तरातील नोंद

उत्तर प्रदेशात दरोड्याच्या आरोपातून सुटलेल्या एका इसमाच्या दारावर पोलीस शिपाई रात्री-अपरात्री थाप मारीत, आणि 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने हा रात्रीचा फेरा बेकायदा ठरवूनही खासगीपण हा मूलभूत हक्क मानण्यास मात्र नकार दिला. तो हक्क, 21 व्या अनुच्छेदातील जीवित व स्वातंत्र्याचेच अंग म्हणून, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने मान्य करण्यास 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. दरम्यान शिपायाचे काम मोबाईलच्या मनोऱ्यांकडे गेले. आपला ठावठिकाणा दप्तरी अहोरात्र नोंदला जातो. अशा काळी 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने, सुव्यवस्थादी कारणांस्तव, आपल्या यंत्रणांना अधिसूचनेद्वारे त्यातून वगळण्याची मुखत्यारी सरकारला द्यावी, हे मला, कायद्याची निकड मान्य करूनही, घोर अन्यायाचे वाटते.